चोंदलेले नाक आणि केसपेपरची गणती : जुनाट सायनसदाहाच्या रुग्णालयीन प्रमाणाविषयी

गालाची हाडे, कपाळ, दोन डोळ्यांमधली जागा आणि कवटीचा तळ अशा चार ठिकाणी, प्रत्येकी उजवी-डावी धरून, माणसाच्या चेहऱ्यात हवेने भरलेल्या पोकळ्या असतात. त्यांनाच सायनस म्हणतात. त्या नाकात उघडतात आणि नाकाच्या आतले पातळ, ओलसर अस्तरच त्यांच्यातही पसरलेले असते. हे अस्तर सुजले आणि १२ आठवडे उलटूनही सूज ओसरली नाही, तर तो जुनाट सायनसदाह. नाकाला सोडून सूज फक्त पोकळीत क्वचितच राहते, म्हणून वैद्यकात आता नाक आणि सायनस यांचा दाह एकत्रच धरतात. बोलीत मात्र 'सायनस' हे अवयवाचे नाव न राहता आजाराचेच झाले आहे. "त्यांना सायनस आहे" एवढे म्हटले की सगळे कळले असे धरले जाते, आणि मोजणीतल्या चुकांची सुरुवात इथूनच होते.

या पोकळ्यांची रचना थोडी अवघड आहे. गालातल्या सर्वांत मोठ्या पोकळीचे तोंड तळाशी नसून वर, छताजवळ असते. पाणी साठलेल्या हौदाला तळाशी तोटी नसावी आणि काठाखाली एक भोक असावे, तसा हा प्रकार आहे. उभ्या माणसाच्या गालातला स्राव आपोआप वाहून जात नाही, तो वर चढवावा लागतो. हे काम अस्तरावरची सूक्ष्म लव करते. तिचे धागे सेकंदाला दहा-पंधरा वेळा एकाच दिशेने हलतात आणि स्रावाचा पातळ थर हळूहळू त्या भोकाकडे ढकलतात. नाकात ही लव नीट चालते की नाही हे पाहण्याची एक अगदी साधी चाचणी आहे. नाकाच्या आत, खालच्या मांसल उंचवट्याच्या पुढच्या टोकामागे सॅकरिनचा बारीक कण ठेवायचा आणि रुग्णाला शांत बसवून घड्याळ पाहायचे. लव कण मागे घशाकडे नेते आणि जिभेला गोड लागते. निरोगी माणसाला ही गोडी साधारण दहा-वीस मिनिटांत कळते. अर्धा तास उलटूनही काही लागले नाही, तर लव थकली आहे असे समजायचे. सर्दी, धूर, धूळ, ॲलर्जी यांपैकी काहीही ती मंद करू शकते. त्यात वाटेतले अरुंद तोंड सुजेने मिटले की आतला स्राव कोंडतो, घट्ट होतो आणि अस्तर आणखी सुजते. या फेऱ्यातून सुटका झाली नाही की आजार जुनाट होतो.

रुग्ण सांगतो ते असे : नाक सतत चोंदलेले, सकाळी उठल्यावर घशात उतरलेला कफ खाकरून काढावा लागतो, गाल आणि कपाळ जड, वास येत नाही. यातली शेवटची तक्रार रुग्ण क्वचितच आपणहून बोलतो आणि डॉक्टरही क्वचितच विचारतात. फोडणी करपल्याचे शेजारच्या खोलीतून कोणी सांगेपर्यंत कळले नाही, असे कुणी बोलता बोलता म्हणाले की तिथे थांबायला हवे. घरगुती गॅसच्या गळतीची सूचना मिळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वास मिसळलेला असतो आणि नेमकी तीच सूचना अशा माणसापर्यंत पोहोचत नाही. "सर्दीच तर आहे" म्हणून हा आजार बाजूला सारला जातो. पण १९९५ साली अमेरिकेत ग्लिकलिच आणि मेटसन यांनी जुनाट सायनसदाहाच्या रुग्णांना त्यांच्या रोजच्या जगण्याविषयी पद्धतशीर प्रश्न विचारले. शारीरिक वेदना आणि लोकांमध्ये मिसळणे या दोन बाबींत त्यांची स्थिती हृदय कमजोर झालेल्या किंवा पाठदुखीने बेजार असलेल्या रुग्णांपेक्षाही वाईट आढळली. ज्या आजाराने माणूस मरत नाही त्याची मोजणी मागे पडते. हा आजार तसाच मागे पडला आहे.

किती जणांना तो आहे हे सांगण्याआधी कुणाला तो आहे असे म्हणायचे, हे ठरवावे लागते. युरोपातल्या तज्ज्ञांनी २००५ साली प्रथम काढलेल्या आणि २०२० साली पुन्हा सुधारलेल्या मार्गदर्शिकेची व्याख्या आज सर्वाधिक वापरली जाते. नाक चोंदणे किंवा नाकातून वा घशात स्राव उतरणे यांपैकी एक तक्रार हवीच. जोडीला चेहऱ्यावर दुखरा दाब किंवा वास कमी होणे चालते. अशा किमान दोन तक्रारी १२ आठवडे टिकलेल्या असाव्यात. शिवाय दुर्बिणीतून नाकात पू, सूज किंवा मांसल कोंब, म्हणजे पॉलिप, दिसावेत, नाहीतर सीटी स्कॅनमध्ये बदल दिसावेत.

व्याख्येचा हा दुसरा भाग गाळला की आकडा फुगतो. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत सायनसची डोकेदुखी असल्याचे स्वतः सांगणाऱ्या किंवा तसे निदान झालेल्या २,९९१ जणांना तपासले, तेव्हा ८८ टक्के लोकांची डोकेदुखी अर्धशिशीच्या वर्गातली निघाली. उलट बाजूने, एकट्या स्कॅनवर विसंबले तरी फसगत होते. १९९४ साली ग्वाल्टनी आणि सहकाऱ्यांनी साध्या सर्दीच्या ३१ रुग्णांचे सीटी स्कॅन काढले. त्यांतल्या २७ जणांच्या गालातल्या पोकळ्यांत बदल होते, आणि पुढे प्रतिजैविकाशिवायच ते बहुतांशी निवळले. स्कॅनवर शून्य ते २४ असे गुण देण्याची लंड आणि मॅके यांची पद्धत १९९३ पासून रूढ आहे. सायनसची एकही तक्रार नसलेल्या लोकांतही हे गुण सरासरी चारच्या आसपास भरल्याचे नोंदले गेले आहे. म्हणून तक्रार आणि तपासणी दोन्ही जुळल्याशिवाय निदान पक्के मानू नये.

व्याख्येचा हा फरक जगभरच्या आकड्यांत उघड दिसतो. युरोपातल्या १२ देशांत टपालाने प्रश्नावली पाठवून केलेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत प्रौढांतले प्रमाण १०.९ टक्के निघाले, पण केंद्राकेंद्रांत ते ६.९ पासून २७.१ टक्क्यांपर्यंत वेगळे होते. ब्राझीलच्या साओ पावलो शहरात घरोघरी विचारून साडेपाच टक्के आले. चीनच्या सात शहरांत ते सुमारे आठ टक्के होते. नेदरलँड्समध्ये तक्रारींना स्कॅनची जोड दिल्यावर हेच प्रमाण, स्कॅनची अट किती कडक ठेवली त्यानुसार, ३ ते ६.४ टक्क्यांवर उतरले. भारतात १३ कोटी ४० लाख लोकांना, म्हणजे दर आठांतल्या एकाला, हा आजार आहे असा आकडा वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षे फिरतो. तो अमेरिकेतल्या एका संस्थेच्या नावावर सांगितला जातो. कुणाला विचारून आणि कोणत्या व्याख्येने तो काढला हे समोर नसेल, तर त्यावर कोणत्याही गावाचे नियोजन उभारू नये.

घरोघरची पाहणी महाग पडते, म्हणून भारतातला बराचसा अभ्यास रुग्णालयात होतो. तिथे रुग्ण समोर असतो, दुर्बीण असते, स्कॅन असतो, त्यामुळे निदान जास्त खात्रीचे होते. पण टक्केवारी म्हणजे एक भागाकार आहे, आणि भाजक कोणता घेतला यावर सारे अवलंबून असते. समजा, एका रुग्णालयात महिनाभरात जुनाट सायनसदाहाचे ६० नवे रुग्ण आले. कान-नाक-घसा विभागातल्या ४०० नव्या रुग्णांशी भागले तर प्रमाण १५ टक्के. सगळ्या बाह्यरुग्ण विभागातल्या ६,००० रुग्णांशी भागले तर १ टक्का. दोन्ही आकडे बरोबर आहेत आणि दोहोंपैकी एकही 'गावात किती' या प्रश्नाचे उत्तर देत नाही. भाजक सांगितला नाही, तर वाचणारा आपल्या समजुतीप्रमाणे तो भरून घेतो.

दुसरी अडचण १९४६ साली मेयो क्लिनिकचे वैद्य आणि संख्याशास्त्रज्ञ जोसेफ बर्कसन यांनी दाखवली. एकच दुखणे असलेल्या माणसापेक्षा दोन दुखणी असलेला माणूस रुग्णालयात येण्याची शक्यता जास्त असते. त्यामुळे बाहेर एकमेकांशी काहीही संबंध नसलेले दोन आजारसुद्धा रुग्णालयाच्या भिंतींच्या आत हातात हात घालून वावरताना दिसतात. त्यांनी उदाहरण घेतले होते मधुमेह आणि पित्ताशयाच्या दाहाचे. नाकाच्या बाबतीत वाकडे हाड, दमा आणि सायनसदाह यांच्या नात्याविषयी रुग्णालयातून निघालेल्या प्रत्येक विधानाला ही कसोटी लावावी लागते. वाकडे हाड फार लोकांना असते आणि त्यांतल्या पुष्कळांना कसलाच त्रास नसतो. ती माणसे केसपेपर काढायला कधी येतच नाहीत.

केसपेपर आणि नोंदवही हे या मोजणीचे मूळ साधन आहे आणि त्याकडे जवळून पाहिले पाहिजे. खिडकीशी रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाचे नाव, वय, पत्ता, लिंग एवढे लिहिले जाते. आत गेल्यावर निदानाच्या रकान्यात घाईने एखादा शब्द पडतो. तोच माणूस पंधरा दिवसांनी नवा केसपेपर काढून आला तर तो दोनदा मोजला जातो. रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत जुनाट सायनसदाहाला जे-३२, नाकातल्या पॉलिपला जे-३३ आणि जुनाट नासादाहाला जे-३१ असे वेगळे संकेत आहेत. नोंदणी कारकुनाने जे-३२ एवढेच मोजले, तर पॉलिप असलेले, म्हणजे बहुधा जास्त त्रासातले रुग्णच गणतीतून गळतात. भरती झालेल्या रुग्णांचा हिशेब आणखी वेगळा असतो. त्यांतले बहुतेक शस्त्रक्रियेसाठी आलेले असतात. अतिदक्षता विभागात नाकातून नळी घातलेल्यांच्या पोकळ्या काही दिवसांत भरलेल्या दिसतात, पण तो जुनाट आजार नव्हे आणि या मोजणीत त्याला जागा नाही.

छत्तीसगडातल्या भिलाईत हे सारे प्रश्न एकाच गावात भेटतात. सोव्हिएत संघाच्या साहाय्याने पोलाद कारखाना उभारण्याचा करार फेब्रुवारी १९५५ मध्ये झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. दुर्गजवळच्या भातशेतीत देशभरातून माणसे आली. हावडा-मुंबई लोहमार्गावरच्या या गावाला विदर्भ लांब नव्हता, आणि नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडात मराठी माणसाची वस्ती होतीच. २०११ च्या जनगणनेत दुर्ग-भिलाईनगर या नागरी समूहाची लोकसंख्या सुमारे १० लाख ६४ हजार भरली. या लोकांपुढे नाकाच्या दुखण्यासाठी अनेक दारे आहेत : सेक्टर ९ मधले कारखान्याचे जवाहरलाल नेहरू रुग्णालय व संशोधन केंद्र, सुपेल्याचे लाल बहादूर शास्त्री शासकीय रुग्णालय, दुर्गचे जिल्हा रुग्णालय, जुनवानी आणि कचांदूर इथली वैद्यकीय महाविद्यालये, खासगी दवाखाने. २०१२ पासून रायपूरला एम्स आहे, आणि नातेवाईक नागपुरात असलेले नागपूर गाठतात.

प्रत्येक दाराशी वेगळा माणूस उभा असतो. कारखान्याच्या रुग्णालयात कर्मचारी, निवृत्त कर्मचारी आणि त्यांची कुटुंबे हक्काने येतात. तिथे नाक महिनाभर चोंदले तरी दाखवायला जाणे परवडते, म्हणून सौम्य आजारही नोंदवहीत उतरतो. ठेकेदाराकडच्या कामगाराचे तसे नसते. त्याला दवाखान्याच्या रांगेत सकाळ घालवायची तर त्या दिवसाची रोजी बुडते. तो औषधाच्या दुकानातून नाकात घालायचे थेंब घेतो. हे थेंब दोन मिनिटांत नाक मोकळे करतात, पण सलग आठवडाभराहून जास्त घातले की थेंबांचा परिणाम ओसरताच नाक आधीपेक्षा जास्त चोंदते आणि माणूस बाटलीला बांधला जातो. असा कामगार रुग्णालयात येतो तेव्हा पॉलिप नाकपुडीशी दिसू लागलेला असतो. म्हणून एका दाराशी रुग्ण पुष्कळ पण सौम्य, आणि दुसऱ्या दाराशी कमी पण गंभीर, असे चित्र निघाले तरी त्यावरून दोन वस्त्यांतला आजार कमी-जास्त ठरवता येत नाही.

धुळीचे काय, हा प्रश्न पोलादाच्या गावात कुणीही विचारणारच, आणि तो विचारलाच पाहिजे. कोक भट्ट्या, लोहखनिज भाजून गोळा करण्याचा विभाग, झोतभट्टी, दल्ली-राजहराहून येणारे लाल खनिज आणि नंदिनीचा चुनखडक यांची हाताळणी, या सगळ्यांतून धूळ उडते. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ साली सुरू झाला तेव्हा हवेचे मानक न गाठलेल्या शहरांच्या यादीत छत्तीसगडमधून भिलाई, कोरबा आणि रायपूर ही नावे होती. दहा मायक्रॉनपेक्षा मोठे कण बहुतांशी नाकातच अडतात. फुप्फुसाच्या वाटणीची धूळ नाक आपल्या अंगावर घेते. कामाची पाळी संपल्यावर रुमालावर उमटणारा काळपट डाग हा त्याचाच पुरावा आहे. तरीही धुळीत काम आणि सायनसदाह यांचे नाते रुग्णालयाच्या वहीतून सिद्ध करणे कठीण जाते, कारण ज्यांना धूळ सोसत नाही ते बदली मागून घेतात किंवा काम सोडतात. भट्टीवर उरतात ते त्यातल्या त्यात धडधाकट. त्यामुळे धुळीचा दोष आहे त्यापेक्षा कमी दिसतो. काम किती वर्षे आणि कोणत्या विभागात केले, हे न विचारता नुसते 'व्यवसाय : नोकरी' असे लिहून ठेवणारी नोंद या बाबतीत निरुपयोगी आहे.

कारखान्याबाहेरची कारणेही भिलाईत कमी नाहीत. आसपासच्या गावांत चुलीचा धूर आहे. कार्तिक-मार्गशीर्षात भाताची कापणी-मळणी सुरू झाली की हवेत तूस उडते. पावसाळ्याच्या दमटपणात गादी-उशीतले धुळीचे किडे वाढतात. उन्हाळ्यात घरोघरी कूलर लागतात, आणि त्यांच्या ओल्या ताट्या मोसम संपल्यावर न वाळवता ठेवल्या तर त्यांत बुरशी धरते. बुरशीचा संबंध भारतात विशेष आहे. अॅस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीच्या ॲलर्जीने काही रुग्णांच्या पोकळ्या शेंगदाण्याच्या वाटणासारख्या घट्ट, चिकट स्रावाने भरतात आणि पॉलिप पुन्हा पुन्हा येतात. २०२१ च्या उन्हाळ्यात कोविडमागून आलेली म्युकरमायकोसिसची साथ याहून पूर्ण वेगळी होती. ती बुरशी काही दिवसांत हाड आणि डोळा गाठते. मात्र त्या वर्षी भीतीपोटी असंख्य लोकांनी सायनसचे स्कॅन काढून घेतले, म्हणून त्या वर्षाचे रुग्णालयीन आकडे इतर वर्षांशी जोडताना जपावे लागते.

दातांचे कारण तर सर्रास निसटते. वरच्या दाढांची मुळे गालातल्या पोकळीच्या तळाला जवळजवळ टेकलेली असतात. किडलेल्या दाढेचा पू वर गेला की एकाच बाजूच्या नाकातून दुर्गंधीयुक्त स्राव येतो, आणि दाढ तशीच ठेवून नाकाला कितीही औषध दिले तरी तो थांबत नाही. छत्तीसगडात तंबाखू आणि गुळाचा गुडाखू दातांना घासण्याची सवय पुष्कळांना आहे. तिथे नाकाच्या रुग्णाचे तोंड उघडून पाहणे ही तपासणीचीच पायरी असायला हवी. दमा आणि अॅस्पिरिनसारख्या वेदनाशामकांचे वावडे हे आणखी दोन प्रश्न प्रत्येक पॉलिपवाल्या रुग्णाला विचारायचेच असतात. असे वावडे असलेल्याने अंगदुखीची एक गोळी घेतली तरी जीवघेणा दमा उठू शकतो.

नाकाच्या रोगांची दखल भारतात जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नाकाचे ३१ रोग सांगितले आहेत आणि पीनस हा शब्द आजही वैद्यांच्या तोंडी आहे. मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुणे हा आजच्या उपचाराचाही पाया आहे, फक्त पाणी उकळून निववलेले हवे. जोडीला नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा महिनोन्महिने, नियमाने घ्यावा लागतो. एवढ्याने न भागल्यास दुर्बिणीतून शस्त्रक्रिया होते. ऑस्ट्रियातल्या ग्रात्स इथे मेसरक्लिंगर यांनी स्रावाच्या वाटांचा अभ्यास केला. त्यावर उभी राहिलेली ही शस्त्रक्रिया श्टामबर्गर आणि केनेडी यांनी १९८० च्या दशकात जगभर नेली. तिचा हेतू पोकळी खरवडणे हा नसून मिटलेले तोंड मोकळे करून लवेला तिचे काम परत करू देणे हा आहे. आजार पुन्हा उलटू शकतो, आणि उलटलेला रुग्ण नवा धरायचा की जुना, हे मोजणी सुरू करण्याआधीच ठरवून लिहून ठेवावे लागते.

भिलाईसारख्या गावात नीट मोजणी करायची, तर ती सलग बारा महिने चालली पाहिजे. फक्त डिसेंबर-जानेवारीत केली तर सर्दीचा मोसम आकडा वाढवतो आणि मे महिन्यात केली तर तो घटतो. प्रत्येक माणूस एकदाच मोजला जावा. तक्रार १२ आठवड्यांची आहे का हे तारीख विचारून लिहावे, कारण "फार दिवसांपासून" या उत्तरात तीन आठवडेही बसतात आणि तीन वर्षेही. दुर्बिणीची तपासणी सरसकट सगळ्या संशयितांची व्हावी. स्कॅन निवडक रुग्णांचा केला तरी चालतो, पण ती निवड कशी केली हे सांगितले पाहिजे.

इथे भिलाईला एक सोय अशी आहे जी फार थोड्या शहरांना असते. कारखान्याच्या रुग्णालयात हक्काने येणाऱ्यांची यादी असते : किती कर्मचारी, किती निवृत्त, किती पती-पत्नी, किती मुले. म्हणजे भाजक माहीत असतो. त्या यादीतल्या किती जणांना वर्षभरात आजार निघाला हे काढले, तर रुग्णालयात बसूनही वस्तीच्या प्रमाणाच्या बरेच जवळ जाता येते. यादीबाहेरचे लोक, म्हणजे सुपेला, खुर्सीपार, जामुल इथले ठेकेदारी कामगार, फेरीवाले, घरकाम करणाऱ्या बाया, या हिशेबात येत नाहीत. त्यांच्यासाठी दुसरी वही लागते. ती घरोघर जाऊन, त्यांच्याच बोलीत व्याख्येतल्या त्याच चार तक्रारींविषयी विचारून भरावी लागते, आणि 'हो' म्हणणाऱ्यांना दुर्बिणीपर्यंत आणण्यासाठी त्यांची रोजी बुडणार नाही अशी वेळ, बहुधा रविवारची सकाळ, राखून ठेवावी लागते.